रिकाम्या खुर्च्यांचा पुरावा

बेसबॉलच्या एका हंगामात प्रत्येक संघाला १६२ सामने खेळावे लागतात, आणि त्यांतले शंभर जिंकणारा, म्हणजे उत्तम समजला जाणारा संघही बासष्ट वेळा मान खाली घालून तंबूत परततो. ज्याला हार पचत नाही त्याने या खेळाच्या नादी लागूच नये. म्हणून ओकलंडच्या अॅथलेटिक्स संघाविषयी माझी जी तक्रार आहे ती हरण्याची नाही, हे आधीच सांगून टाकतो. २०२२ साली हा संघ १०२ सामने हरला, २०२३ साली ११२ हरला, आणि तरीही मला त्या खेळाडूंचा राग आला नाही. अंगात होते तेवढे ती पोरे खेळली. माझा राग आहे तो संघाच्या मालकावर आणि त्याला पाठीशी घालणाऱ्या मेजर लीग बेसबॉल या संस्थेवर. त्यांनी आधी संघ मोडीत काढला, त्यामुळे प्रेक्षक येईनासे झाले, आणि मग त्याच रिकाम्या खुर्च्यांकडे बोट दाखवून ‘या शहराला संघ नकोच आहे’ असे सांगितले गेले. नाराज चाहत्याच्या हातात घरी बसणे हे एकच शस्त्र असते, आणि तेच त्याच्यावर उलटवता येते, हे ओकलंडमध्ये सर्वांच्या डोळ्यांदेखत घडले.

मी २००२ साली पुण्याहून नोकरीसाठी कॅलिफोर्नियात आलो आणि ओकलंडच्या दक्षिणेला असलेल्या फ्रीमॉन्टमध्ये राहू लागलो. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला बेसबॉल पहिल्यांदा फारच संथ वाटतो (पाच दिवसांचा सामना बघणाऱ्याने हे म्हणावे, यातली गंमत मला नंतर कळली). पण त्याच वर्षी अॅथलेटिक्सने सलग वीस सामने जिंकले. विसाव्या सामन्यात कॅन्सस सिटीविरुद्ध ११-० अशी आघाडी घेऊन ती सगळी गमावली आणि शेवटी स्कॉट हॅटेबर्गच्या होम रनवर (म्हणजे साधारण आपल्या षटकारावर) १२-११ असा विजय मिळवला. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या घरी टीव्हीवर तो सामना पाहिला आणि मी कायमचा अडकलो. त्या वर्षी या संघाचे एकूण मानधन चार कोटी डॉलरच्या आसपास होते. न्यूयॉर्क यांकीजचे त्याच्या तिप्पट होते, आणि तरी दोघांनीही १०३-१०३ सामने जिंकले. जनरल मॅनेजर बिली बीन यांनी आकडेवारीच्या आधारे इतरांनी टाकून दिलेले खेळाडू स्वस्तात घेऊन हे घडवले, त्यावर पुस्तक निघाले, चित्रपट निघाला, आणि व्यवस्थापनाच्या वर्गांतून त्याचे दाखले दिले जाऊ लागले.

या कौतुकाची एक काळी बाजू मात्र फारशी बोलली गेली नाही. गरिबीत संसार नेटका करणाऱ्या गृहिणीचे कौतुक करावे, पण घरात पैसा असून तो बाहेर न काढणाऱ्या नवऱ्याने त्या कौतुकाआड लपू नये. अॅथलेटिक्सचे नेमके तेच झाले. संघ गरीब आहे, गावाची बाजारपेठ लहान आहे, म्हणून चांगला खेळाडू तयार झाला की तो विकावाच लागतो, हे वाक्य इतक्यांदा ऐकवले गेले की चाहत्यांनाही ते खरे वाटू लागले. प्रत्यक्षात सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवतीचा हा प्रदेश अमेरिकेतल्या सर्वांत श्रीमंत प्रदेशांपैकी एक आहे. आणि २००५ साली हा संघ ज्यांनी सुमारे १८ कोटी डॉलरना विकत घेतला, त्यांतले मुख्य भांडवलदार जॉन फिशर हे ‘गॅप’ या कपड्यांच्या जगड्व्याळ कंपनीच्या संस्थापकांचे चिरंजीव.

लहान बाजारपेठेची सबब किती पोकळ आहे हे याच संघाच्या इतिहासात दिसते. १९८० साली लीव्हाय स्ट्रॉस कंपनीच्या हास कुटुंबाने हा संघ घेतला. तेच ओकलंड, तेच ‘कोलिझियम’ नावाचे काँक्रीटचे मैदान. हास यांनी पैसा ओतला, शेजारपाजारच्या शाळांशी नाते जोडले, ओकलंडच्या रस्त्यांवर खेळून मोठे झालेल्या रिकी हेंडरसन आणि डेव्ह स्टुअर्टसारख्यांना घरच्या मैदानावर चमकू दिले. १९८८, १९८९ आणि १९९० अशी सलग तीन वर्षे संघ वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेत, पोचला. १९८९ साली भूकंपाने मध्येच थांबलेली वर्ल्ड सिरीज त्याने खाडीपलीकडच्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सना ४-० हरवून जिंकली, आणि १९९० च्या हंगामात कोलिझियममध्ये २९ लाख प्रेक्षक आले. त्या काळी जायंट्सना एवढी गर्दी स्वप्नातही दिसत नव्हती. २९ लाख माणसे ज्या गावात येतात ते गाव पंधरा वर्षांत बेसबॉलद्वेष्टे होते, असे मानायला मी तयार नाही. मधल्या काळात मालक बदलले होते.

नव्या मालकांचे धोरण काय होते, ते पहिल्याच वर्षांत एका दृश्यातून कळले होते. २००६ साली त्यांनी कोलिझियमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खुर्च्यांवर हिरवी ताडपत्री घातली. कारण दिले गेले की त्यामुळे मैदान आटोपशीर वाटेल. या सगळ्यात स्वस्त जागा होत्या. मुलाबाळांना घेऊन येणारे, पगारातून तिकीट काढणारे लोक तिथे बसत. दुकानदाराने स्वतःच्या दुकानाचे अर्धे शटर ओढून घ्यावे आणि मग गिऱ्हाईक कमी झाले म्हणून गल्लीला दोष द्यावा, तसा हा प्रकार. ती ताडपत्री निघायला २०१७ साल उजाडले.

एवढे होऊनही संघ चांगला खेळला की लोक येत होते. २०१२ आणि २०१३ साली संघाने आपला गट जिंकला. २०१४ साली प्रेक्षकसंख्या २० लाखांपर्यंत गेली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये संघाचा सर्वोत्तम खेळाडू जॉश डोनल्डसन टोरोंटोला देऊन टाकण्यात आला, आणि पुढच्याच हंगामात तो तिथे लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. पुन्हा बांधणी झाली. मॅट ओल्सन, मॅट चॅपमन, मार्कस सीमियन, शॉन मर्फी असे मोहरे जमले; २०१८ आणि २०१९ साली प्रत्येकी ९७ सामने जिंकले; २०१९ साली साडेसोळा लाखांहून अधिक लोक आले. मग २०२० च्या हंगामानंतर सीमियनला जाऊ दिले. हा खाडीच्याच प्रदेशात वाढलेला, बर्कलीच्या विद्यापीठात शिकलेला मुलगा; टोरोंटोत पहिल्याच वर्षी त्याने ४५ होम रन मारले. २०२२ च्या हंगामाच्या तोंडावर महिन्याभरात ओल्सन अटलांटाला, चॅपमन टोरोंटोला, पिचर (चेंडू टाकणारा) बॅसिट न्यूयॉर्कला आणि मनाया सॅन डिएगोला गेला, वर्ष संपता संपता मर्फीही गेला. मॅनेजर (म्हणजे मैदानावरचे प्रशिक्षक) बॉब मेल्विन त्याआधीच सॅन डिएगोची वाट धरून बसले होते. ओल्सनने २०२३ साली अटलांटासाठी ५४ होम रन मारले. चॅपमन आता खाडीपलीकडे जायंट्सकडे दीर्घ करारावर खेळतो, म्हणजे त्याला या प्रदेशात राहायचे नव्हते असेही कोणाला म्हणता येणार नाही. आणि ज्या हिवाळ्यात हा सगळा बाजार उठला, त्याच हिवाळ्यात तिकिटांचे दर वाढवण्यात आले.

त्या वर्षी घरच्या ८१ सामन्यांना मिळून आठ लाखांहून कमी लोक आले. कोणत्या समंजस माणसाने त्यांना दोष द्यावा?

बेसबॉलशी ज्यांचा संबंध नाही अशा वाचकांना प्रश्न पडेल की मालकाला स्वतःचा संघ हरवून काय मिळते. इथे अमेरिकी खेळांची घडी समजून घ्यावी लागते. युरोपातल्या फुटबॉलमध्ये तळाला राहिलेला संघ खालच्या श्रेणीत ढकलला जातो, त्यामुळे हरण्याला किंमत मोजावी लागते. मेजर लीग बेसबॉलमध्ये तीस संघ आहेत आणि ते तीसच राहतात. ११२ सामने हरलात तरी पुढच्या वर्षी तुमची जागा पक्की. देशभरच्या दूरचित्रवाणी हक्कांचा पैसा सर्वांना सारखा वाटला जातो. शिवाय प्रत्येक संघ आपल्या स्थानिक उत्पन्नाचा ४८ टक्के हिस्सा एका सामाईक निधीत घालतो आणि तो निधी समान वाटला जातो, म्हणजे कमी कमावणाऱ्याला जास्त कमावणाऱ्यांकडून दरवर्षी घसघशीत रक्कम मिळते. हेतू चांगला आहे. पण मिळालेले पैसे खेळाडूंवर खर्च केलेच पाहिजेत अशी कडक सक्ती नियमांत नाही. मानधनाला वरून, ठरावीक रकमेपुढे लागणाऱ्या कराचा धाक आहे, खालून मात्र तळच नाही. २०२३ साली अॅथलेटिक्सचे मानधन सहा कोटी डॉलरच्या आसपास होते आणि न्यूयॉर्क मेट्सचे ३३ कोटींच्या पुढे. खर्च आटवून बसलेल्या मालकाला तरीही तोटा होत नाही, कारण खरी कमाई वेगळीकडेच आहे: १८ कोटींना घेतलेल्या या संघाची किंमत ‘फोर्ब्स’च्या अंदाजाने १.२ अब्ज डॉलरपर्यंत गेली होती. पडीक ठेवलेल्या जमिनीचाही भाव वाढतो, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको.

आता १३ जून २०२३ ची ती मंगळवारची संध्याकाळ. एप्रिलमध्ये संघ लास वेगासला नेण्याचा बेत जाहीर झाला होता, आणि एका चाहत्याच्या डोक्यातून कल्पना निघाली की बहिष्काराच्या उलट करावे: एकाच रात्री सगळ्यांनी यावे आणि दाखवून द्यावे की आम्ही इथेच आहोत. मी मुलीला घेऊन फ्रीमॉन्टहून ‘बार्ट’ या लोकल रेल्वेने गेलो. कोलिझियम स्थानकातून मैदानाकडे जाणारा एक लांबलचक पादचारी पूल आहे, दोन्ही बाजूंनी तारेची जाळी, आणि कडेला गाड्यावर कांदा परतत हॉट डॉग विकणाऱ्या बाया. एरवी त्या पुलावर आपल्याच पावलांचा आवाज ऐकू यायचा. त्या दिवशी गणपतीच्या शेवटच्या दिवशी लक्ष्मी रोडवर चालावे तसे आम्ही पुढच्याच्या पाठीला खेटून सरकत होतो. पलीकडे वाहनतळावर हिरवे टीशर्ट फुकट वाटले जात होते. त्यांवर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द होता, ‘सेल’. विका. संघ विका आणि जा, पण संघ नेऊ नका. राइट फील्डमागच्या ढोलवाल्यांनी पहिल्या इनिंगपासून ताल धरला होता. पाचव्या इनिंगमध्ये ठरल्याप्रमाणे पहिला बॅटर खेळत असेपर्यंत सगळे गप्प बसले. सत्तावीस हजार माणसे गप्प बसली म्हणजे काय होते, ते मी पहिल्यांदा ऐकले: पिचरचा चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये बसल्याचा आवाज आमच्यापर्यंत येत होता. बॅटर बाद झाला आणि सगळे एकदम उठले, आणि ‘सेल द टीम’चा गजर किती वेळ चालला ते मला सांगता येणार नाही. समोर त्या वेळचा लीगमधला सर्वोत्तम संघ, टँपा बे रेज, होता. अॅथलेटिक्सने त्याला २-१ असे हरवले. अधिकृत नोंद २७,७५९ प्रेक्षकांची आहे.

दोन दिवसांनी नेवाडाच्या राज्यपालांनी लास वेगासच्या नव्या मैदानासाठी ३८ कोटी डॉलरपर्यंत सार्वजनिक पैसा देणाऱ्या कायद्यावर सही केली. आणि बेसबॉलचे आयुक्त रॉब मॅन्फ्रेड यांना त्या रात्रीविषयी विचारले, तेव्हा त्यांनी उपरोधाने सांगितले की एका रात्रीपुरती का होईना, मेजर लीगच्या सरासरीला पोचेल एवढी गर्दी त्या मैदानात पाहून बरे वाटले. त्या एका वाक्यात मला सारी मानसिकता दिसली. लोक आले नाहीत तर ते पुरावा म्हणून दाखल करून घ्यायचे, आणि आले तर त्याची टिंगल करायची. असल्या न्यायालयात चाहत्याने कोणता साक्षीदार न्यावा?

दुसरी बाजू मला ठाऊक आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. कोलिझियम १९६६ सालचे आहे आणि त्याची रया केव्हाच गेली होती. २०१३ साली तिथल्या मैलावाहिन्या तुंबून खेळाडूंच्या खोल्यांत पाणी शिरले, आणि २०२३ साली पाहुण्या समालोचकांच्या कक्षात पॉसम नावाच्या एका रानटी प्राण्याने मुक्काम ठोकल्याच्या बातमीवर सगळा देश हसला. नवे मैदान हवेच होते. ओकलंडचे नगर प्रशासन हे गतिमान कारभाराचे उदाहरण म्हणून कोणी देणार नाही. याच शहराने त्याआधी बास्केटबॉलचा वॉरियर्स आणि अमेरिकन फुटबॉलचा रेडर्स हे दोन्ही संघ घालवले होते. रेडर्सना परत आणण्यासाठी नव्वदच्या दशकात कोलिझियमच्या मागे जो अजस्र सज्जा उभारला, त्याने टेकड्यांचे सुंदर दृश्य झाकले आणि शहराच्या बोकांडी कर्ज बसवले, हेही खरे आहे. पण बंदराजवळच्या हॉवर्ड टर्मिनल इथल्या नव्या मैदानाच्या प्रकल्पात दिरंगाईचे सगळे खापर शहरावर फोडता येत नाही. २०२१ साली नगरपरिषदेने कराराच्या आराखड्याला मंजुरी दिली, २०२२ साली पर्यावरणाचा अहवाल मंजूर झाला, आणि रस्ते-पूल यांसाठी शहराने बाहेरून साडेसदतीस कोटी डॉलरच्या आसपास अनुदाने जमवली होती. नेवाडाने जे दिले त्याच्याशी हा आकडा ताडून पाहावा. फरक एवढाच की ओकलंडमध्ये मैदानाबरोबर तीन हजार घरे, हॉटेले, कार्यालये असा अवाढव्य जमिनीचा व्यवहार जोडलेला होता आणि शहर त्यात परवडणाऱ्या घरांची हमी मागत होते. मैदान पाहिजे असणाऱ्याला मैदान मिळाले असते. पाहिजे होती ती वसाहत.

यात बेसबॉल संस्थेची भूमिका तटस्थ पंचाची नव्हती. अमेरिकेत इतर कोणत्याही व्यावसायिक खेळाला नसलेली एक सवलत बेसबॉलला आहे: १९२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की बेसबॉल हा मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कक्षेत येणारा आंतरराज्य व्यापार नाही. १९५३ आणि १९७२ साली न्यायालयाने हा निकाल उचलून धरला. दरवर्षी अब्जावधी डॉलरची उलाढाल करणारा धंदा व्यापार नाही, हे वाचून हसावे की रडावे कळत नाही, पण कायदा तसा आहे. या सवलतीमुळे कोणता संघ कुठे खेळेल हे मालकांची टोळीच ठरवते. अॅथलेटिक्सला सॅन होजेला, म्हणजे माझ्या घरापासून अर्ध्या तासावर, जायचे होते तेव्हा ते झाले नाही, कारण तो इलाका जायंट्सच्या हक्काचा. सॅन होजे शहर २०१३ साली न्यायालयात गेले आणि दोन वर्षांनी त्याच १९२२ च्या निकालाच्या आधारे हरले. यातली मेख अशी की तो हक्क जायंट्सना मिळाला तो हास यांच्या औदार्यामुळे. १९९० च्या सुमारास जायंट्स अडचणीत होते, दक्षिणेला जाऊ पाहत होते, तेव्हा हास यांनी एक छदामही न घेता संमती दिली. जायंट्स गेले नाहीत, सॅन फ्रान्सिस्कोतच त्यांचे नवे मैदान झाले, पण हक्क त्यांनी परत केला नाही. घराजवळ पस्तीस-चाळीस मैलांवर जायला बंदी, आणि वाळवंटापार लास वेगासला जायला नोव्हेंबर २०२३ मध्ये तीसच्या तीस मालकांची एकमुखी संमती, वर स्थलांतराचे शुल्क माफ.

पुण्याच्या माणसाला हे दुःख अगदीच अनोळखी नाही. २०११ साली आलेला पुणे वॉरियर्स तीन हंगामांत गुंडाळला गेला. २०१६ साली दोन वर्षांच्या बोलीवर आलेला दुसरा संघ २०१७ च्या अंतिम सामन्यात एका धावेने हरला आणि ठरल्याप्रमाणे विरून गेला. गहुंजेचे मैदान आहे तिथेच आहे. पण त्या दोन संघांत पुण्याची तीन पिढ्यांची गुंतवणूक नव्हती. ओकलंडचा संघ तिथे ५७ हंगाम खेळला. आजोबांनी १९७२ ते १९७४ ची सलग तीन अजिंक्यपदे पाहिलेली आणि नातू हिरवा शर्ट घालून आलेला, अशी कुटुंबे त्या पुलावर माझ्या पुढे-मागे चालत होती. तरी आयपीएलकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथे खेळाडूंवरच्या खर्चाला वर मर्यादा आहे तशी खालीही आहे. ठरलेल्या रकमेचा किमान ७५ टक्के भाग खर्च करावाच लागतो. अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्येही मानधनमर्यादेच्या ९० टक्क्यांची किमान रेषा आहे. बेसबॉललाच ती का नसावी?

मालक म्हणतील, खालची मर्यादा हवी असेल तर वरचीही घ्या. २०२१ साली त्यांनी दहा कोटी डॉलरची किमान पातळी सुचवली होती, पण त्याबरोबर श्रीमंत संघांवरचा कर आधीपेक्षा कमी रकमेलाच लागू करायची अट होती. खेळाडूंच्या संघटनेला मानधनावरचे छप्पर मान्य नाही. याच प्रश्नावर १९९४ साली संप झाला आणि वर्ल्ड सिरीज रद्द करावी लागली. सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ रोजी संपतो आहे आणि पुन्हा हाच वाद पेटणार आहे. माझे म्हणणे असे की छपराचा वाद बाजूला ठेवूनही एक साधा नियम करता येतो: सामाईक निधीतून घेतलेला प्रत्येक डॉलर खेळाडूंवर खर्च झाल्याचे दाखवा, नाही तर पुढच्या वर्षीचा हप्ता बंद. हे अशक्य नाही याचा दाखला याच संघाने दिला आहे. २०२४ च्या डिसेंबरमध्ये निधीच्या वापरावरून खेळाडू संघटना तक्रार करील अशी कुजबुज सुरू होताच अॅथलेटिक्सने पिचर लुइस सेव्हरिनोशी तीन वर्षांचा ६.७ कोटी डॉलरचा करार केला, संघाच्या इतिहासातला तोवरचा सर्वांत मोठा. पैसे नव्हते असे नव्हते.

दुसरा उपाय कायद्याचा. क्लीव्हलँडचा अमेरिकन फुटबॉलचा संघ पळवून नेल्यावर ओहायो राज्याने १९९६ साली कायदा केला की ज्या संघाने सार्वजनिक पैशाचा लाभ घेतला आहे, त्याला गाव सोडायचे असेल तर सहा महिने आधी सूचना द्यावी आणि स्थानिकांना संघ विकत घेण्याची संधी द्यावी. कोलंबसचा फुटबॉल क्लब ऑस्टिनला न्यायचा घाट घातला गेला तेव्हा राज्याने याच कायद्यावर बोट ठेवून दावा लावला, आणि शेवटी स्थानिक खरेदीदार उभे राहून २०१८ साली संघ वाचला. कॅलिफोर्नियात असा कायदा नव्हता. ओकलंडच्या तेव्हाच्या खासदार आणि आताच्या महापौर बार्बरा ली यांनी २०२३ साली संसदेत विधेयक मांडले, की संघ दूर नेणाऱ्या मालकाने सोडलेल्या गावाला दहा वर्षांच्या कराइतकी भरपाई द्यावी, नाही तर बेसबॉलची ती जुनी सवलत जावी. विधेयक पुढे सरकले नाही. गावानेच संघाची मालकी घ्यावी, हा मार्ग तर संस्थेने केव्हाच बंद केला आहे. सॅन डिएगोच्या मालकीणबाई जोन क्रॉक आपला पाद्रेज संघ शहराला चक्क दान देऊ करत होत्या, इतर मालकांनी ते होऊ दिले नाही. सार्वजनिक मालकीची त्यांना भीती वाटते, सार्वजनिक पैशाची वाटत नाही.

२६ सप्टेंबर २०२४ रोजी कोलिझियममधला शेवटचा सामना झाला. अॅथलेटिक्सने टेक्सासला ३-२ असे हरवले. ४६,८८९ लोक आले होते, आणि त्यांत मी होतो. त्याच आठवड्यात फिशर यांचे चाहत्यांना उद्देशून पत्र प्रसिद्ध झाले होते: आम्ही प्रयत्न केला, जमले नाही, क्षमस्व. इतक्या वर्षांत मैदानात उभे राहून चाहत्यांशी दोन शब्द बोलायला त्यांना सवड झाली नव्हती. तीन महिन्यांनी रिकी हेंडरसन गेले. ज्या मैदानाला त्यांचे नाव दिले होते त्यावर तोवर बेसबॉल उरला नव्हता.

लास वेगासचे मैदान २०२८ साली तयार होईल असे म्हणतात. तोवर संघ सॅक्रामेंटोजवळच्या, दुय्यम लीगच्या संघासाठी बांधलेल्या, चौदा हजारांच्या मैदानावर पाहुण्यासारखा राहतो आहे. नावातून गाव काढून टाकले आहे, नुसते ‘अॅथलेटिक्स’. तिथला पहिलाच सामना १८-३ असा हरले, आणि २०२५ च्या हंगामात सरासरी दहा हजारही लोक आले नाहीत. हा आकडा मात्र कोणी सॅक्रामेंटोविरुद्ध पुरावा म्हणून वापरलेला माझ्या ऐकिवात नाही.

मुलगी आता डेव्हिसच्या विद्यापीठात शिकते. तिथून सॅक्रामेंटो रेल्वेने अगदी जवळ. मैत्रिणींबरोबर ती निक कर्ट्झला बघायला गेली होती. पहिल्याच हंगामात एका सामन्यात चार होम रन मारणारा हा पोरगा खरोखर बघण्यासारखा आहे, तिचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. तिने मला एका खेळाडूचा फोटो पाठवला. शर्टाच्या एका बाहीवर सॅक्रामेंटोच्या पुलाचे चित्र, दुसऱ्या बाहीवर लास वेगास. “बाबा, पुढच्या वेळी याल का?” असे तिने खाली लिहिले होते. ती गाडी आमच्या फ्रीमॉन्टला थांबूनच डेव्हिसवरून पुढे जाते. मी वेळापत्रक दोनदा पाहिले आहे, तिकीट अजून काढलेले नाही. त्याऐवजी पश्चिम ओकलंडच्या रायमंडी पार्कात जातो. तिथे २०२४ पासून चाहत्यांनीच वर्गणी काढून हिस्सा घेतलेला ‘बॉलर्स’ हा छोट्या लीगचा संघ खेळतो, आणि कोलिझियममधले ते ढोलवाले आता तिथे, तिसऱ्या बेसच्या मागे, फळ्यांच्या बाकांवर बसलेले दिसतात.